वर सोडलेली चार बोटं जागा

हदगावपासून सात-आठ किलोमीटरवर सुकन्याचं सासर आहे. गावच्या ग्रामपंचायतीत ती तीन वर्षांपासून सदस्य आहे. सभा झाली नाही तरी सभेचं रजिस्टर घरोघर फिरतं, ही रीत काही त्या एकाच गावाची नाही. शिपाई बजरंग सायकलवरून येतो, ओसरीवर टेकतो, पाणी पितो आणि रजिस्टर उघडून बोटानं जागा दाखवतो. बाकीचे सदस्य डाव्या हातात चहाचा कप धरून उजव्या हातानं सही ठोकतात. सुकन्याच्या घरी मात्र बजरंग सगळ्यात शेवटी येतो आणि पाणी न पिताच जातो.

"वहिनी, ठराव उद्या टाइप होऊन येणार हाय. आज नुसती सही."

"उद्याच ये मग."

"अहो, समदे करून राहिले!"

"करू दे की. मी काय त्यांचा हात धरला?"

गावात तिच्याविषयी दोन मतं आहेत. बाई शिकलेली आहे हे एक, आणि बाई आखडू आहे हे दुसरं. सासू नागाबाईंचं तिसरंच. शेजारणीला त्या सांगतात, "कुणाला पाण्याचं भ्याव असतंय, कुणाला सापाचं. आमच्या सुनेला सहीचं हाय." सुनेनं त्यावर कधी काही म्हटलेलं नाही. जे झालं ते नांदेडला झालं, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी. त्याला आता सात वर्षं होतील.

त्या वेळी सुकन्या ढगे हे नाव कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. अभ्यासामुळे नव्हे. ती खो-खोच्या मुलींच्या संघाची कप्तान होती. वडील ग्यानोबा यांची चार एकर जमीन, तीत कापूस आणि सोयाबीन. घरात खेळाचं वारं नव्हतं. पण ही पोरगी गावच्या शाळेत असल्यापासून अनवाणी पळायची. खांबावर सूर मारून गडी टिपावा तर तिनंच. गुडघ्यांवरची सालं कायम निघालेली, आणि त्याची तिला लाज नव्हती, उलट थोडा तोराच होता.

तिला घडवलं ते भुजंग पांचाळ सरांनी. किडकिडीत अंगाचा माणूस, गळ्यात शिट्टी, डोक्याला पांढरा रुमाल. मैदानावर त्यांची जीभ चालली की झाडावरचे कावळे उठायचे. "अगं म्हशे, उठायला काय पंचांग बघून राहिलीस का?" हे त्यांचं रोजचं. पहिल्या वर्षाच्या पोरी पहिल्या आठवड्यात होस्टेलवर जाऊन रडायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच पोरी रुमाल बांधून सरांची नक्कल करायच्या.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्या वर्षी लातूरला होत्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आधीची दोन्ही वर्षं त्यांचा संघ उपांत्य फेरीत हरला होता. सुकन्याचं हे शेवटचं वर्ष. लातूरच्या मैदानावरच विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता, आणि त्या संघात आपलं नाव लागावं एवढं एकच तिला त्या वर्षी हवं होतं. ते तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. पण कोणी वही उघडली तर दिसायला नको म्हणून वर पानाफुलांचं कव्हर चिकटवलं होतं.

खेळाखेरीज तिला आणखी एक नाद होता, तो विद्यार्थी हक्क मंचाचा. मंच म्हणजे मृत्युंजय हाणेगावे. हा देगलूरकडचा, एम.ए.ला होता, मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत शिरायचा आणि रागावला की कानडीत. हदगावकडून येणाऱ्या एस.टी. बसगाड्या कॉलेजच्या वळणावर थांबत नव्हत्या. पासवाल्या पोरी दिसल्या की ड्रायव्हर वेग वाढवायचे. मृत्युंजयनं पोरापोरींना घेऊन दोन तास रस्त्यावर बैठक मारली आणि थांबा मिळवला. होस्टेलच्या पाण्यासाठी तो चार दिवस उपाशी राहिला, खोटा खोटा नव्हे, खराच. सुकन्यानं त्याचे ओठ फुटलेले पाहिले होते. आपण म्हटलं तर होतं, हे तिला पहिल्यांदा तिथं कळलं. हे कळल्यावर माणूस पुन्हा गप्प बसायला तयार होत नाही.

मग तिनं स्वतःची एक मागणी काढली. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती. सामानाच्या खोलीमागं दोघींनी चादर ताणून धरायची, तिसरीनं घाईघाईत बदलायचं. समोर मुलांच्या होस्टेलची गच्ची.

"एकदम बरोबर मागणी हाय," मृत्युंजय म्हणाला. "तू सह्या घे. मजकूर मी लिहितो."

मंचाची कामाची पद्धतच तशी होती. निवेदन द्यायचं ठरलं की आधी सह्या. रेघांचे लांब कागद, खाली अनुक्रमांक, नाव, वर्ग, सही. पहिल्या पानावर वर चार बोटं जागा सोडायची, तिथं मजकूर मागून यायचा. निवेदन प्राचार्यांना द्यायचं, संस्थेच्या सचिवांना, की थेट कलेक्टरसाहेबांना, हे शेवटच्या दिवशी ठरायचं. तोवर मुली सुट्टीला गावी गेल्या तर सह्या कुठून आणणार? बसथांब्याच्या वेळी असंच केलं होतं, पाण्याच्या वेळीही. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पहिली सही सुकन्यानं स्वतःची केली, टपोऱ्या अक्षरात. मग तीन दिवस ती होस्टेलच्या खोल्या आणि वर्ग पालथे घालत फिरली.

"सुकन्याताई, कशाची हाय?"

"कपडे बदलायच्या खोलीची."

"आरसा बी मागा गं त्याच्यात."

"मागते. तू आधी सही कर."

एकीच्या हाताला मेंदी ओली होती. "अंगठा चालतो का?" ती म्हणाली. एकीला भीती, की बापाला कळलं तर? "बापाला काय कळंल? खोली कळंल." सगळ्या हसत सह्या करत होत्या. कप्तान कागद घेऊन आली की विचारायचं काय?

विचारलं ते एकटीनं, तिच्याच खोलीतल्या धम्मप्रियानं. इस्लापूरची ही मुलगी अर्थशास्त्राला होती. भजी बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय फेकायची नाही.

"वर काय लिहिणार?"

"मृत्युंजयदादा लिहिणार हाय."

"काय लिहिणार ते विचारलं मी. कोण लिहिणार ते न्हाई."

"धम्मे, करायची तर कर, न्हाईतर दे इकडं."

धम्मप्रियानं सही केली. पण सहीच्या शेजारी, कडेच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: फक्त कपडे बदलण्याच्या खोलीसाठी.

"घाण केलास ना कागद!" सुकन्या चिडली. पानावर सव्वीस ओळी होत्या, त्यामुळे ते पान नव्यानं करायचं तर सव्वीस जणींना पुन्हा गाठायला हवं होतं. म्हणून राहू दिलं. एकूण बारा पानं झाली, तीनशे बारा सह्या. तिनं गठ्ठा मृत्युंजयच्या हातात दिला आणि सरावाला गेली.

नऊ दिवसांनी सर मैदानावर आले नाहीत. सामानाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच एका तरुण माणसाकडे होती. नवा ट्रॅकसूट, बोलणं गोड. "गर्ल्स, आजपासून मी," तो म्हणाला. फलकावर नोटीस लागली होती. ती धम्मप्रियानं वाचली आणि खोलीवर येऊन पाठ म्हणून दाखवली. श्री. भुजंग पांचाळ यांना चौकशी पूर्ण होईपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं होतं, विद्यार्थिनींच्या दोनशे शहाऐंशी सह्यांच्या निवेदनावरून.

"दोनशे शहाऐंशी कुणाच्या?" सुकन्यानं विचारलं.

ऑफिसातल्या बाबूनं ओळखीवर कागद दाखवला. ती चार बोटं जागा टाइपानं गच्च भरली होती. पांचाळ सर अर्वाच्य भाषा वापरतात, संघ निवडताना भेदभाव करतात, कामात कसूर करतात, तरी त्यांना तात्काळ हटवावं. खाली अनुक्रमांक एक, सुकन्या ग्यानोबा ढगे. तिनं पानं मोजली. अकरा भरली. धम्मप्रियाच्या सहीचं पान त्यात नव्हतं.

मृत्युंजय कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर सापडला.

"चुकीनं दुसरा मजकूर लागला गं त्याला," तो म्हणाला. "घाईत झालं."

"आन् धम्मीचं पान चुकीनंच निघालं का?"

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला आणि तिच्यापुढं सरकवला.

"ऐक. नवीन सर सचिवसाहेबांच्या नात्यातले हायत. ज्या बैठकीत पांचाळांचा विषय झाला, त्याच बैठकीत तुमची खोली मंजूर झाली. आखणी या आठवड्यात. तुला खोली पाहिजे होती का न्हाई?"

"पाहिजे होती."

"मग?"

"सर नको होते, असं कुठं म्हटलं मी?"

"सुट्टं काही मिळत न्हाई, सुकन्या. एकाला चिकटून दुसरं येतंय. बसथांबा काय नुसता बसून मिळाला? त्याच्यामागं कुणाकुणाचे पाय धरलेत ते तुला सांगितलं न्हाई मी." मग तो जरा पुढं वाकला. "आन् खोटं काय लिहिलंय सांग. पांचाळ शिव्या देत न्हाईत? तुला म्हशे म्हणाले न्हाईत?"

म्हणाले होते. शंभर वेळा म्हणाले होते.

"चहा पी. लातूरची तयारी कर. नवीन सरांना मी बोलून ठेवलंय, कप्तान तूच."

आणि खरंच तसं झालं. नव्या सरांनी यादी लावली, पहिलं नाव तिचं. सराव सुरू झाला. कोणी ओरडेना, कोणी रुमाल झटकेना. पोरी खूश होत्या. मैदानाच्या कडेला एका सकाळी चुन्यानं चौकोन आखला गेला, दहा बाय बारा. पोरी त्या चौकोनात उभ्या राहून फोटो काढू लागल्या. इथं आरसा, इथं खुंट्या. सुकन्या त्या फोटोंत उभी राहिली. राहिली नसती तर कोणी तरी का म्हणून विचारलं असतं.

पाचव्या दिवशी ती सरांच्या घरी गेली, सांगायलाच गेली. सर बनियनवर अंगणात बसले होते, पुढ्यात खो-खोचा एक खांब आडवा, हातात पॉलिश पेपर. नोटीस यायच्या आधी खांब दुरुस्तीला घरी आणला होता, तो तसाच राहिला.

"कॉलेजची वस्तू हाय," ते म्हणाले. "न्हाई दिली तर आणखी एक कलम लावतील. जाताना घेऊन जा."

"सर, मी..."

"कागद दाखवला मला त्यांनी." त्यांनी खांबावरून हात फिरवला, एक कुसळ लागलं ते नखानं काढलं. "अक्षर चांगलं हाय तुझं."

सरांच्या बायकोनं चहा आणून दिला, तो गार झाला.

"सराव बंद करू नको," सर म्हणाले. "लातूरला चांगले संघ येणार हायत यंदा."

तिनं रिक्षा केली. खांब आत मावेना. एक टोक तिच्या मांडीवर, दुसरं बाहेर. रिक्षावाला वाटभर बडबडत होता, "ताई, लग्नाचा मांडव घालून राहिले का कुठं?" आणि ती बाहेरच्या टोकाला कुणी धडकू नये म्हणून हात काढून "बाजू, बाजू" करत होती. कॉलेजात पोचेपर्यंत रडायला सवडच मिळाली नाही. ते खोलीवर आल्यावर झालं.

धम्मप्रियानं तिला पंधरा मिनिटं रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता कागद आण. आन् पेन मी धरते."

मजकूर आधी लिहिला. पाच ओळी. पांचाळ सरांविरुद्ध आम्ही तक्रार केलेली नाही, आमच्या सह्या कपडे बदलण्याच्या खोलीसाठी घेतल्या होत्या, सरांवरचे आरोप खोटे आहेत. चौकशी समितीची बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथ्या दिवशी होती. सुट्टी दोन दिवसांवर. त्या दोन दिवसांत होस्टेलवर एकेचाळीस सह्या झाल्या. प्रत्येकीला मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. बऱ्याच जणींनी मान फिरवली. "खोली जाईल ना मग?" हाच प्रश्न. एक तर सरळ म्हणाली, "तूच घेतल्यास, तूच परत मागून राहिली. आमचा काय खेळ लावलाय का, ताई?"

सुट्टी लागली आणि सुकन्या कागद पिशवीत घालून बसनं फिरू लागली. घरी ती लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तेवढी टेकली. आई केवळाबाई करंज्या तळत होती.

"सणासुदीचं पोरगी कागद घेऊन फिरून राहिली. इलेक्शनला हुभी राहिलीस का काय?"

"न्हाई माय."

"मग कामून फिरायलीस?"

"एक काम चुकलंय. नीट करून राहिले."

"कुणाचं चुकलंय?"

"माझंच."

केवळाबाईनं झाऱ्यातली करंजी तेलावर निथळू दिली. "मग जा," ती म्हणाली. "चार करंज्या बांधून दिते. येताना डबा आण, गेल्या साली दोन डबे गेले माझे."

हदगावात शिवांगीचं घर होतं. शिवांगी संघातली, दुसऱ्या वर्षाची, चपळ आणि फटकळ. तिनं मजकूर मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"आरोप खोटे हायत असं कसं लिहू मी? सर मला म्हशे म्हणले. दोनदा गाढवीण बी म्हणले. माझी मोठी बहीण बघायला आली होती त्या दिवशी, तिच्यापुढं. मला लई लागलं होतं."

"पण त्यांना काढा असं तू म्हटलं होतंस का?"

"न्हाई."

"मग?"

"मग तेच लिही ना. जे न्हाई ते न्हाई, जे हाय ते हाय. एका खोट्यावर दुसरं कशाला?"

शिवांगीचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्यानं एकेचाळीस सह्या वाया जाणार होत्या. तिनं तिथंच, शिवांगीच्या वहीचे कागद घेऊन, मजकूर बदलला. सर आम्हाला टोचून बोलतात, ते आम्हाला आवडत नाही. पण त्यांना हटवा असं आम्ही म्हटलं नव्हतं. आम्ही खोली मागितली होती. शिवांगीनं सही केली. जुना कागद सुकन्यानं फाडला नाही, घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला.

पुढचे दिवस नुसते बसचे. देगलूरला एका मुलीच्या आजीला वाटलं, बँकेची बाई आली. "एंदी?" म्हणजे 'काय?' असं ती तेलुगूत तीनदा ओरडली. नात अर्धं तेलुगू, अर्धं मराठी करत तिला समजावत होती, आणि समजावता समजावता तिला स्वतःलाच नीट समजलं. इस्लापूरला धम्मप्रियानं आधीच सहा जणींना घरी बोलावून ठेवलं होतं. सुट्टी संपून होस्टेल भरलं तेव्हा त्या एकेचाळीसांकडं पुन्हा जायचं होतं. त्यातल्या तेहतीस जणींनी पुन्हा सही दिली. शेवटचा आकडा एकशे सदतीस. तीनशे बाराच्या निम्मासुद्धा नाही.

समितीत तिघं होते. एक निवृत्त प्राचार्य अध्यक्ष, संस्थेचे एक सभासद आणि इतिहासाच्या बाई. सुकन्या आत गेली तेव्हा मृत्युंजय बाहेरच्या बाकावर बसला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"म्हणजे हे पहिलं निवेदन खोटं?"

"सह्या खऱ्या हायत सर. मजकूर आमचा न्हाई."

"मजकूर न वाचता सही कशी केली तुम्ही? एवढ्या शिकलेल्या मुली."

"मजकूर नव्हताच. वरची जागा कोरी होती."

इतिहासाच्या बाईंनी चष्मा काढला. "कोऱ्या कागदावर तीनशे मुलींच्या सह्या कोणी घेतल्या?"

मंचानं, असं ती म्हणू शकली असती. ते खोटं ठरलं नसतं. कागद मंचाचा, पद्धत मंचाची, गठ्ठा गेला तोही मंचाकडेच. खाली फलकावर लातूरची यादी लागलेली होती, तिच्यात तिचं नाव पहिलं होतं. स्पर्धेला अठरा दिवस उरले होते.

"मी," सुकन्या म्हणाली.

"एकटीनं?"

"फिरले मी एकटी. त्यांनी माझं तोंड बघून सह्या केल्या."

बाईंनी ते लिहून घेतलं. आपल्या बोलण्याखाली तिनं सही केली. त्याआधी बाईंनी लिहिलेला कागद मागून घेतला आणि वाचला. एका ठिकाणी 'एकटीनं' पुढं 'फिरून' घालायला लावलं.

सात दिवसांनी पांचाळ सर परत आले. बोलताना भान ठेवावं, अशी लेखी समज त्यांना मिळाली. नवे सर गेले, जाताना पोरींना "ऑल द बेस्ट, गर्ल्स" म्हणून गेले. मंचाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून सुकन्या त्याच दुपारी निघाली, म्हणजे काढली गेली. खोलीचा विषय 'पुढील बैठकीत' गेला. चुन्याचा चौकोन पायांखाली पुसट होत गेला, आणि सरावाला येताना पोरी तो मुद्दाम ओलांडून यायच्या, सुकन्याला दिसेल अशा. तिच्याशी बोलायच्या. पण डबा खायला बोलवायच्या नाहीत.

स्पर्धेच्या चार दिवस आधी सरांनी मैदानावर सगळ्यांना बसवलं आणि बारा नावं वाचली. कप्तान शिवांगी. सुकन्याचं नाव बारांत नव्हतं. पोरींनी आधी एकमेकींकडं आणि मग जमिनीकडं पाहिलं. कालपर्यंत तिच्यावर रुसलेली एक जण म्हणाली, "सर, सुकन्याताई?"

सरांनी रुमाल सोडला, पुन्हा बांधला. ओरडले नाहीत. परत आल्यापासून ते फारसे ओरडत नसत, आणि त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त ऐकू यायचं.

"खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात," ते म्हणाले. "खो पाठीमागून येतो. त्या मान वळवून बघत न्हाईत, कुणी दिला, खरा दिला का. आला की उठतात. त्याच्यावर समदा खेळ हाय. तीनशे पोरी हिच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. यंदा ही न्हाई. मला काय झालं त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई."

"हाव सर," सुकन्या म्हणाली.

रागावली ती धम्मप्रिया. खोलीवर येऊन तिनं बादली आपटली. "ज्या माणसासाठी दिवाळी बसमध्ये काढली, त्यानंच तुला काढलं? काय बोलली न्हाईस तू?"

"काय बोलणार?"

"त्याच्यासाठी केलंस हे सांगायचं!"

"सरांसाठी कुठं केलं, धम्मे." सुकन्या दोरीवरचे कपडे काढत होती, खेळायचा ड्रेस तिनं बाकीच्या कपड्यांत घडी करून ठेवला. "त्यांच्यासाठी केलं असतं तर त्यांना ऐकवलं असतं."

धम्मप्रिया तिच्या या बोलण्यावर आजही भांडते. इस्लापूरहून फोन करते, दुसरं काही बोलायला नसलं की हेच काढते. तिचं म्हणणं, विद्यापीठाच्या संघाचा दाखला हातात असता तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर सुकन्या कधीच लागली असती, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर सरपंचाचं तोंड बघत बसावं लागलं नसतं. सुकन्या म्हणते, असंल. मृत्युंजय आता जिल्ह्याच्या राजकारणात आहे, भाषण चांगलं करतो. एकदा हदगावच्या बाजारात भेटला तेव्हा त्यानं आपणहून तिच्या मुलाला उचलून घेतलं आणि थांबा अजून चालू आहे ना, म्हणून विचारलं. चालू होता. तिनं तसं सांगितलं.

लातूरला ती गेली. सरांनी बोलावलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. सकाळच्या बसनं आपलं तिकीट काढून गेली. मैदान लहान आणि गर्दी मोठी होती. पोरींनी पहिले दोन सामने सहज मारले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती यजमान लातूरच्याच एका कॉलेजशी. शेवटचा डाव, पाठलाग आपला, तीन मिनिटं उरलेली, दोन गडी हवे होते. सुकन्या मैदानाभोवतीच्या दोरीला धरून उभी होती.

समोर शिवांगी पळत होती. पुढची लातूरची मुलगी चकवून खांबाकडं वळली आणि सुकन्याला दिसलं की आता सूर मारला तर ती सापडते. याच क्षणी, अर्धं पाऊलही नंतर नाही.

"सूर मार! शिवे, खांबावर!"

शिवांगीनं सूर मारला. बोटं पाठीला लागली, शिट्टी वाजली, मैदान उसळलं. सुकन्या दोरीखालून कधी आत शिरली ते तिचं तिला कळलं नाही. ती चुन्याच्या रेघेपाशी उभी राहून हातवारे करत होती, पुढचा खो कुणाला, कुठल्या बाजूनं. सर चार पावलांवर होते. त्यांनी तिला पाहिलं आणि मान मैदानाकडं वळवली.

पांढऱ्या टोपीतले एक पंच धावत आले.

"तुम्ही कोण? बारांत हाय का नाव?"

सुकन्यानं सरांकडं पाहिलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग दोरीच्या बाहेर व्हा. तुमच्यामुळं संघाला ताकीद बसंल."

दोरी कमरेएवढी उंच होती. ती वाकून बाहेर आली. एक गडी अजून हवा होता, दोन मिनिटं उरली होती, आणि पुढे उभ्या असलेल्या उंच पोरांमुळं खांब नीट दिसत नव्हता. तिनं टाचा उंचावल्या आणि उरलेला डाव तिथून पाहिला.